अविन्योंच्या महोत्सवात आमची एकांकिका 'निवडली' म्हणे. जावं का?

तालीमवाला_सिडको

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितोय, पण पूर्ण वाचा. रविवारी ग्रुपची बैठक आहे आणि तिथे मला काहीतरी ठाम बोलायचंय.

आमचा नाशिकचा हौशी ग्रुप. कोणी अंबडला कंपनीत, दोघी शिक्षिका, एक जण मेडिकलच्या दुकानात. रात्री आठनंतर तालीम. गेल्या वर्षी एक एकांकिका बसवली, कुंभमेळ्यात सासूचा हात सुटलेल्या सुनेची. ४५ मिनिटं, स्टेजवर ९ जण, मागे ४. दोन स्पर्धांत बक्षिसं मिळाली, मग व्हिडिओ नेटवर टाकला.

त्यावरून गेल्या आठवड्यात एक ई-मेल आला. फ्रान्समधल्या अविन्यों शहरातल्या जगप्रसिद्ध नाट्यमहोत्सवासाठी तुमच्या प्रयोगाची निवड झाली आहे, जुलैत सलग १० दिवस रोज एक प्रयोग. 'सहभाग शुल्क' ४,५०० युरो. प्रवास, राहणं, जेवण आपलं आपण. पहिला हप्ता १५ दिवसांत.

ग्रुपमध्ये त्या रात्री फटाके फुटायचे बाकी होते. एकाने 'नाशिकची एकांकिका सातासमुद्रापार' असं स्टेटस टाकलंसुद्धा. फ्लेक्सची बोलणी झाली. हिशेब मांडला तर १८ लाखांच्या घरात जातोय. वर्गणी, देणग्या, आणि आमच्यातली एक जण एफडी मोडायला निघालीय. तिथेच माझ्या पोटात गोळा आला.

ही निवड खरी असते का? मराठी नाटक तिथे कोण बघणार? आणि इथलं कोणी तिकडे जाऊन आलंय का?

---

तिखट_रस्सा

अभिनंदन!!! नाशिकचं नाव काढलंत. डोळे झाकून जा. संधी एकदाच येते. पार्टी कधी?

---

विंगेतला_म्हातारा

डोळे उघडे ठेवून जा, किंवा नको जाऊस. वयावरून 'तू' म्हणतो, राग मानू नकोस.

मी चाळीस वर्षं दिवे लावले. नाटकाचे. कालिदास, साईखेडकर या आपल्या नाट्यगृहांत, आणि स्पॉट टांगायला पाइपसुद्धा नसलेल्या शाळांच्या हॉलांत, बांबूला सुतळीने बांधून. २०२५ च्या जुलैत नऊ दिवस अविन्योंला होतो. भाची ल्योंला असते, तिथून वेगवान गाडीने तासाभराचं अंतर. तिने मला गाडीत बसवलं आणि म्हणाली, "मामा, हरवलात तर कुणालाही पोपचा राजवाडा विचारा." हरवलो, रोज हरवलो. विचारायची वेळ कधी आली नाही, कारण तो राजवाडा गावात कुठूनही मान वर केली की दिसतो.

आधी तुझं काम. तुझी निवड झालेली नाही. ई-मेल खोटा आहे असं मी म्हणत नाही, हॉल खराही असेल. पण अविन्योंत एकाच महिन्यात दोन महोत्सव चालतात आणि त्यांतला फरक त्या ई-मेलने तुला सांगितलेला नाही.

एक मूळचा महोत्सव, ज्याला तिथे 'इन' म्हणतात. १९४७ च्या सप्टेंबरात झाँ विलार नावाच्या नट-दिग्दर्शकाने सुरू केला. राजवाड्याच्या चॅपलमध्ये चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं, त्याला जोड म्हणून एक गाजलेलं नाटक कर असं त्याला सांगितलं गेलं. त्याने ते नाकारलं आणि उलट तीन नवी नाटकं करतो म्हणाला. त्यांत शेक्सपिअरचं 'रिचर्ड दुसरा' हे नाटक होतं, जे तेव्हा फ्रान्समध्ये फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. या 'इन'मध्ये दिग्दर्शक मंडळींना बोलावलं जातं, पैसे महोत्सव देतो. सध्या त्याचा प्रमुख तियागो रॉड्रिगेज हा पोर्तुगीज माणूस आहे, फ्रेंच नसलेला पहिलाच.

दुसरा 'ऑफ'. १९६६ साली आंद्रे बेनेदेत्तो नावाच्या तिथल्याच एका नाटकवाल्याने महोत्सवाला न विचारता आपल्या छोट्या थिएटरात आपलं नाटक लावलं. पुढच्या वर्षांत आणखी लोक आले. आज त्या तीन आठवड्यांत दीड हजारांहून जास्त वेगवेगळी नाटकं लागतात, तेही नव्वद हजार वस्तीच्या गावात. चॅपल, शाळेचा वर्ग, गॅरेज, कुणाच्या घरामागचं अंगण, जिथे पन्नास खुर्च्या मावतील ते थिएटर. आणि इथे अख्ख्या महोत्सवातर्फे निवड करणारं कुणीही नाही. काही चांगली थिएटरं आपापल्या जागेपुरती पारखून घेतात, हे खरं. पण पारखून घेतल्यावरही बहुतेक ठिकाणी भाडं नाटकवाल्यानेच भरायचं.

लासलगावला कांद्याचा लिलाव पाहिलायस ना? तसंच आहे ते. ट्रॅक्टर तू आणायचा, डिझेल तुझं, रांगेत उभा तू राहायचं, आणि व्यापारी मूठभर कांदा हातात घेऊन पुढे जाणार. अविन्योंत व्यापारी म्हणजे फ्रान्सभरच्या गावोगावच्या थिएटरांचे लोक. पुढच्या हंगामात आपल्या गावी कुठली नाटकं लावायची ते ठरवायला ते जुलैत येतात. एखाद्या मंडळीचं नाटक दहा-पंधरा गावांनी घेतलं तर भाडं वसूल, वर्षाची भाकरी सुटली. म्हणून ती पोरं घरदार गहाण टाकून तीन आठवडे उन्हात पत्रकं वाटत फिरतात. तो जुगार त्यांना परवडतो असं नाही. पण पत्ते त्यांच्या हातात आहेत. तू तुझे तेरा जण घेऊन गेलास तर विकायला काय नेणार? फ्रान्समधल्या कुठल्या गावाने तुला डिसेंबरात बोलावलं तर मेडिकलवाल्याला रजा मिळेल?

आपण हौशी लोक सगळं स्पर्धेच्या नजरेने बघतो. प्राथमिक, अंतिम, पहिला-दुसरा, प्रमाणपत्र. त्यामुळे 'निवड' हा शब्द वाचला की आपलं ऊर भरून येतं. ई-मेल लिहिणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असणार.

आता थोडं माझं सांगतो, कारण एवढ्या लांब जाऊन आलो आणि नाशकात कुणी विचारलंच नाही. राहायला रोन नदीच्या पलीकडे, व्हिलनव्ह गावात एक खोली मिळाली होती. गावाच्या तटाच्या आत जुलैत खोली शोधणं म्हणजे सिंहस्थात पंचवटीत खोली शोधणं. रोज सकाळी पुलावरून चालत यायचं. डाव्या हाताला तो जुना तुटका पूल दिसायचा. एके काळी बावीस कमानी होत्या, आता चार उरल्यात, नदीच्या मध्यात येऊन पूल थांबतो. मला आपल्या गोदेचे पूर आठवायचे.

गावात शिरलं की पहिल्यांदा डोळ्यांत भरतात ती पोस्टरं. खळ लावून चिकटवायला बंदी, म्हणून पुठ्ठ्यावर लावून दोरीने बांधायची. खांब, जाळी, खिडकीचे गज, पाण्याचा पाइप, सगळीकडे. एकावर एक, एकाखाली एक. मी अर्धा दिवस नुसत्या गाठी बघत होतो. काहींच्या गाठी इतक्या वाईट की हात शिवशिवायला लागले.

आणि त्या गाठींनीच काम मिळवून दिलं. रंगाऱ्यांची गल्ली म्हणून एक रस्ता आहे, बाजूने पाण्याचा पाट वाहतो, त्यावर अजून चार पाणचक्क्या आहेत. तिथे पूर्वी छापील सुती कापड रंगवायचे, त्याला ते 'इंदिएन' म्हणायचे, आपल्याकडच्या कापडावरून. त्या गल्लीत दोन पोरी पोस्टर बांधत होत्या आणि वाऱ्याने ते सारखं उलटत होतं. मिस्त्राल म्हणतात त्या वाऱ्याला, उत्तरेकडून येतो आणि दोन-दोन दिवस थांबत नाही. मी न विचारता पुढे झालो आणि आपली बैलगाठ मारून दिली. त्या हसल्या. खुणेने मला त्यांच्या थिएटरात नेलं. चाळीस-पन्नास खुर्च्या, वर बारा दिवे. मी वर बघत उभा राहिलो तेव्हा तिथला तंत्रज्ञ माझ्याकडे बघत उभा. धंदा सांगावा लागत नाही रे, मान वर करायच्या पद्धतीवरून कळतो.

त्या हॉलमध्ये दिवसाला सात नाटकं होती. पहिलं सकाळी सव्वादहाला, शेवटचं रात्री अकराच्या आसपास संपायचं. दोन नाटकांच्या मध्ये, प्रेक्षक बाहेर काढून, आधीच्यांचा सेट उचलून, पुढच्यांचा लावून, दिवे तपासून, नवे प्रेक्षक आत घ्यायला सगळी मिळून पंधरा-वीस मिनिटं. आपल्याकडे सेटवाल्याचा टेम्पो दोन तास आधी येतो आणि तरी तिसरी घंटा उशिरा होते! सातही नाटकांना तेच बारा दिवे. जागा हलवायच्या नाहीत. प्रत्येकाने आपापला खेळ त्या बारांत बसवायचा. पहिल्यांदा मला ते दरिद्री वाटलं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की या अडचणीतून ती माणसं किती नेमकं काम काढतात. एका बाईने अख्खा समुद्र दाखवला, एका बाजूच्या स्पॉटने आणि एका चुरगळलेल्या प्लॅस्टिकच्या कागदाने. मी सायक्लोरामाशिवाय, म्हणजे मागच्या मोठ्या पांढऱ्या पडद्याशिवाय, समुद्र केला नाही आयुष्यात.

चौथ्या दिवशी त्यांचा काळा पडदा एका बाजूने सुटला. मी भाचीला फोन केला, दोरीला काय म्हणतात? ती म्हणाली, कॉर्ड. मी हॉलमध्ये उभा राहून मोठ्याने मागितली. सगळे जागच्या जागी थिजले. तंत्रज्ञाने तोंडावर हात ठेवला. फ्रेंच थिएटरात हा शब्द उच्चारायचा नसतो, भयंकर अपशकुन! तो उच्चारणाऱ्याने मग सगळ्यांना पाजायची असते. संध्याकाळी मला सहा जणांच्या बिअरचे पैसे द्यावे लागले. वारकरी घराण्यातला मी, स्वतः लिंबू सरबत पीत बसलो.

त्या संध्याकाळी त्या तंत्रज्ञाकडून एक गोष्ट कळली ती अजून डोक्यातून जात नाही. त्यांच्याकडे नाटकातल्या माणसाने, नट असो की दिवेवाला, बारा महिन्यांत ५०७ तास काम केल्याचं दाखवलं की काम नसलेल्या दिवसांचा भत्ता मिळतो. सरकारी उपकार म्हणून नव्हे, हक्क म्हणून. २००३ साली या नियमांत काटछाट झाली तेव्हा नट आणि बॅकस्टेजवाले संपावर गेले आणि अख्खा महोत्सव रद्द झाला. विलारच्या वेळेपासून प्रथमच. मी त्याला माझं सांगितलं नाही. काय सांगणार, की चाळीस वर्षांत माझ्या नावावर एक तास नोंदलेला नाही?

बाकी पैशांचं. त्या पोरींनी सांगितलेला ढोबळ हिशेब असा, की पूर्ण तीन आठवड्यांना खुर्चीमागे शंभरेक युरो भाडं पडतं, रोज एका ठरलेल्या वेळेचं. तुझ्या हॉलला खुर्च्या किती, वेळ कुठली, हे ई-मेलमध्ये आहे का? नसेल तर आधी ते विचार. त्यांच्या पहिल्या खेळाला सात प्रेक्षक होते. सातव्याला एकोणीस. त्या दिवशी त्यांनी मला मिठी मारली.

माझं मत विचारशील तर यंदा दोघांनी जा, प्रेक्षक म्हणून. तू आणि तुमचा सेट लावणारा. नटांना नेऊ नकोस, ते फोटो काढत बसतील.

---

गंगापूररोडची_फ्रेंचताई

काका, तुमचं लिहिणं वाचून मजा आली, पण पोरांच्या उत्साहावर सरळ पाणी ओतलंत. मी फ्रेंच शिकवते, दोनदा अविन्योंला जाऊन आले आहे, म्हणून दोन शब्द.

'मराठी कोण बघणार' याची भीती बाळगू नका. तो प्रेक्षक परक्या भाषेला सरावलेला आहे. 'इन'च्या सध्याच्या प्रमुखाने आल्यापासून दरवर्षी एक पाहुणी भाषा ठेवली: २०२३ ला इंग्रजी, मग स्पॅनिश, २०२५ ला अरबी. वर पट्टीवर भाषांतर चालू असतं आणि लोक तीन-तीन तास बसतात. तुमच्या एकांकिकेचं फ्रेंच भाषांतर नीट झालं तर भाषा अडणार नाही. नीट झालं तर, हे मात्र अधोरेखित करा. मोबाइलवरच्या भाषांतराने 'सासूचा हात सुटला' याचं काय होईल सांगता येत नाही.

आणि आपल्या मातीची गोष्ट तिथे नवी नाही. १९८५ साली पीटर ब्रूक या इंग्रज दिग्दर्शकाने महाभारत पहिल्यांदा केलं ते अविन्योंतच. गावाबाहेर बुल्बों इथल्या दगडाच्या जुन्या खाणीत, नऊ तासांचा प्रयोग, काही वेळा सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत. द्रौपदी होती मल्लिका साराभाई. त्या आधी १९८२ मध्ये आरियान म्नुश्किन या फ्रेंच दिग्दर्शिकेने शेक्सपिअर केला तो कथकलीच्या वेशभूषेचा आधार घेऊन, राजवाड्याच्या चौकात. मग आपल्या पेठ-सुरगाण्याचा बोहाडा, आदिवासींचा सोंगांचा उत्सव, का नको? मुखवटे आहेत, संबळ आहे, रात्रभर चालतो, शब्दांवर काही अडत नाही. तालीमवाला, तुमच्या एकांकिकेत कुंभाची गर्दी नऊ जणांत दाखवता म्हणालात ना, मला तर तेच बघायचंय.

---

विंगेतला_म्हातारा

ताई, मान्य. पण ब्रूकला बोलावलं होतं, त्याने हप्ता भरला नव्हता. आणि त्या महाभारतामागे अनेक वर्षांची तयारी होती, पंधरा दिवसांची मुदत नव्हती.

बोहाड्याचं मात्र मनापासून पटलं. त्या खाणीत मी गेलो होतो, गावातून बस सोडतात. दगडाची भिंत सरळ उभी, वर चांदण्या. मी तिथे खेळ कमी आणि भिंत जास्त पाहिली. दिवा खालून मारला तर भिंत पुढे येते, बाजूने मारला तर तिच्यावरचा टाकीचा एकेक घाव दिसतो. पांडवलेण्यांत असं काही करू देतील का, असा विचार आला. मग माझं मलाच हसू आलं.

राजवाड्याच्या चौकाबद्दल लिहायचं राहिलं. दोन हजार माणसं बसतात. खेळ रात्री दहाला, कारण जुलैत तिथे साडेनऊपर्यंत उजेड हटत नाही, आणि उघड्या चौकात दिवेवाल्याला अंधार हवा ना! पडदा नाही, विंगा नाहीत, मागे चौदाव्या शतकातली भिंत. सुरुवातीला कर्णे वाजतात, मॉरिस जार या संगीतकाराने विलारसाठी बांधलेली धून. आपल्या तिसऱ्या घंटेच्या जागी. मला तिकीट नव्हतं. बाहेर लोक 'एक तिकीट हवं' असं पुठ्ठ्यावर लिहून उभे राहतात, मीही राहिलो, भाचीने लिहून दिलेला पुठ्ठा धरून. एका आजीबाईंनी आपल्या न आलेल्या मैत्रिणीचं दिलं. वारा इतका की नटांचे कपडे शिडासारखे फुगत होते. नाटकातलं मला अर्धंसुद्धा कळलं नाही. भिंतीवर मोठ्या झालेल्या सावल्या मात्र अजून दिसतात.

---

शेंगेनचा_फेरा

व्हिसावर कोणी बोललं नाही म्हणून. तेरा जणांचा अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा लागेल. शुल्क माणशी ९० युरो, वर व्हिसा अर्ज घेणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क, आणि नाकारला तर पैसे परत नाहीत. ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा हवाच. अर्ज सहा महिने आधी करता येतो, जुलैचं काम असेल तर मे उजाडेपर्यंत थांबू नका. आणि प्रयोग करायला जाताय तर 'पर्यटन' लिहू नका. आमंत्रणाचं पत्र थिएटरच्या लेटरहेडवर मागा, मध्यस्थाच्या नव्हे. पत्र देता येत नसेल तर तिथेच उत्तर मिळालं.

---

तालीमवाला_सिडको

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो.

काकांनी सांगितल्याप्रमाणे ई-मेलवर विचारलं. उत्तर आलं: ४९ खुर्च्या, वेळ रात्री पावणेअकरा, थिएटरचं नाव पहिला हप्ता भरल्यावर कळवू. लेटरहेडचं विचारलं त्यावर दोन दिवस झाले, काही नाही.

बैठकीत वाचून दाखवलं. पहिल्यांदा शांतता, मग भांडण. एक जण म्हणाला मी जळतो. स्टेटस टाकणाऱ्याचं तोंड बघवत नव्हतं, नातेवाइकांचे फोन येऊन गेलेत त्याला. शेवटी हप्ता भरायचा नाही असं ९ विरुद्ध ४ ठरलं. एफडी वाचली.

पण काका, तुम्ही जे सेट उचलण्याचं लिहिलंत, त्यावर आमच्या सेटवाल्याने तिथल्या तिथे वाद घातला. तो म्हणतो आमचा सेट, घाटाच्या पाच पायऱ्या, एक दीपमाळ, मागचा फ्लॅट म्हणजे भिंतीसारखी उभी चौकट, पंधरा मिनिटांत लागू शकतो. मी म्हटलं शक्य नाही. पैज लागलीय.

---

विंगेतला_म्हातारा

४९ खुर्च्यांना ४,५०० युरो म्हणजे तीन आठवड्यांचा भाव दहा दिवसांना लावलाय. वर रात्री पावणेअकराला! त्या वेळी तिथले निम्मे प्रेक्षक मोठ्या चौकात असतात आणि उरलेले जेवत असतात. बरं झालं सुटलात.

स्टेटसवाल्या पोराला रागावू नका. कालिदासला माझं नाव पहिल्यांदा पात्रपरिचयानंतर माइकवरून घेतलं तेव्हा मीही अख्ख्या भद्रकालीत सांगत फिरलो होतो.

पैजेला मी पंच म्हणून येतो. रविवारी किती वाजता? स्टॉपवॉच आणतो. दोन अटी. पायऱ्यांचा सांगाडा एकसंध असेल तर आधी तो दोन तुकड्यांत करा, एकसंध सांगाडा दारातून आडवाच जातो आणि तिथेच चार मिनिटं जातात. आणि प्रत्येकाने एकच वस्तू उचलायची, 'अरे तिकडून धर' असं ओरडणाऱ्याचे गुण कापणार. दिवे मी बारापेक्षा जास्त लावू देणार नाही.

---

गंगापूररोडची_फ्रेंचताई

मीही येते. भाषांतराचा पहिला प्रवेश करून आणते, वाचून बघू. 'गंगेवर जाऊन येते' हे कसं करायचं यावर कालपासून अडले आहे. नाशिककराची गंगा गोदावरी असते, हे त्यांना एका ओळीच्या पट्टीत कसं सांगू?

---

तालीमवाला_सिडको

झालं काल. समाजमंदिराच्या हॉलमध्ये, सकाळी दहाला. काकांनी मधोमध खुर्ची टाकली, गळ्यात शिट्टी.

पहिल्यांदा ३१ मिनिटं. दीपमाळ विंगेत अडकली. दुसऱ्यांदा २२. तिसऱ्या वेळी सेटवाल्याने पायऱ्या करवतीने कापल्या, खरोखर कापल्या, आणि बिजागऱ्या लावल्या, त्यात पाऊण तास गेला. मग १७.

सेटवाला पैज हरलाय पण मानत नाही. पुढच्या रविवारी पुन्हा. काका म्हणाले मागचा फ्लॅट टाकून द्या, त्याची गरज कुणालाच वाटली नाही. आणि वर बांबूला स्पॉट बांधताना आमच्यातल्या एकाने मोठ्याने दोरी मागितली, तर काकांनी सगळ्यांचा चहा त्याच्या नावावर लावला.